चहाच्या परातीतला कागद : घरच्या घरी जुनाट कागद करण्याची रीत

आमच्या घरी एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात १९६१ सालची घरखर्चाची वही आहे. आजेसासरे मागावर काम करायचे. आठवड्याचा पगार झाला की रात्री कंदिलाजवळ बसून ज्वारी, रॉकेल, तंबाखू, देणं असं सगळं टाकानं लिहून ठेवायचे. ही वही मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा अक्षरांपेक्षा कागदाकडेच जास्त वेळ बघत बसले. पानाचा मधला भाग अजून दुधाळ होता. कडेनं बोटभर रुंदीचा तपकिरी पट्टा होता, बाहेर गडद आणि आत येता येता विरत गेलेला. खालच्या उजव्या कोपऱ्यात, पान उलटायला ओलं बोट लागायचं तिथं, काळपट गुळगुळीत डाग. शिवणीजवळ मात्र कागद जवळजवळ कोरा.

जुना कागद सगळीकडून सारखा जुना होत नसतो. हे ध्यानात आलं तेव्हापासून माझे चहात बुडवलेले कागद जरा खरे दिसायला लागले. त्याआधी नुसतेच चहा सांडल्यासारखे दिसायचे.

नवरात्र बसलं की आमच्या गल्लीत अशा कागदाची मागणी सुरू होते. कुणाला भोंडल्याचं आमंत्रण हवं असतं, कुणाला किल्ल्यावर ठेवायला फर्मान, कुणाला कोजागरीच्या कार्यक्रमासाठी पत्रिका. ऑक्टोबरात पाऊस सरलेला आणि ऊन कडक, त्यामुळे सोलापुरात या कामाला याहून चांगला महिना नाही. सासूबाई मात्र दर वर्षी न चुकता विचारतात, "अगं, चांगला कोरा कागद चहात कशाला बुडवायलीस?"

आधी खरा जुना कागद बघा

घरात शोधला तर एक तरी सापडतोच. जुनी लग्नपत्रिका, जन्मपत्रिका, पिवळं पडलेलं रेशनकार्ड, सातबाऱ्याचा उतारा, काहीही चालेल. तो खिडकीपाशी धरून बघा. कडा कुठं गडद आहेत, घडी किती वेळा घातली गेली, घड्या जिथं एकमेकींना छेदतात तिथं भोक पडलंय का, टाचणी लावलेल्या जागी गंजाची रेघ आहे का, हे बघून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढची निम्मी चूक इथंच टळते.

लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदात लाकडातलाच लिग्निन नावाचा घटक राहतो. उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडतो. मिटलेल्या वहीत हवा कडेनं शिरते, म्हणून कडा आधी जातात. खात्री करायची असेल तर वर्तमानपत्राचं पान गच्चीवर उन्हात पसरा, अर्ध्यावर फळी ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी फळी उचला. उघडा भाग पिवळा आणि झाकलेला पांढरट, मधली रेघ पट्टीनं आखल्यासारखी दिसते.

आता एक वादाचा मुद्दा. शिवकालीन पत्र म्हणून जे गडद तपकिरी, कडा जळलेले कागद नाटकांत आणि स्नेहसंमेलनांत फिरतात, त्यांचं रूप खऱ्या कागदपत्रांशी फारसं जुळत नाही. त्या काळचा कागद हातानं केलेला. चिंध्या, जुने दोर, गोणपाट कुजवून-कुटून त्याचा लगदा व्हायचा. जुन्नर आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा ही त्यासाठी प्रसिद्ध गावं. असा कागद शतकं गेली तरी चिवट राहतो, त्याला हलका बदामी रंग चढतो. त्याची दुखणी वेगळी : कसरीच्या किड्यानं पाडलेली भोकं, पाण्याचे डाग, झिजलेल्या घड्या. खरा तपकिरी आणि हात लावला की तुटणारा कागद बहुतेक करून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून पुढचा, गिरणीतला.

म्हणून कामाला बसण्याआधी ठरवून टाका की कागद कोणत्या काळाचा हवा. मोडी पत्र करायचं असेल तर रंग फिका आणि कागद घोटलेला. छापील पत्रक करायचं असेल तर रंग गडद. मुलीच्या शाळेत चार हुतात्म्यांवर नाटुकलं बसवलं होतं. मे १९३० मध्ये सोलापुरातलं इंग्रजांचं राज्य काही दिवस उठलं, मग मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. त्या नाटकात वाटायची पत्रकं मी पातळ कागदावर, चांगल्या कडक चहात काढली. पात्रांच्या हातात ती शोभली. तोच रंग शिवरायांच्या पत्राला दिला असता तर चुकलंच असतं.

कोणता कागद घ्यावा

माझी पहिली पसंती ड्रॉइंग शीटला, १२० ते १५० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम; आकडा मोठा तितका कागद जाड). ती पाणी पिते, भिजली तरी चटकन फाटत नाही आणि घासलं तर तिचे तंतू छान उठतात. झेरॉक्सचा ७५ जीएसएम कागदही चालतो, फक्त तो ओला असताना लाडात ठेवावा लागतो. हातकागद मिळाला तर उत्तमच, पण तो रंग इतक्या झपाट्यानं ओढतो की पातळ चहातसुद्धा मिनिटभरात काम होतं.

चकचकीत आर्ट पेपर घेऊ नका. त्याच्यावर मातीचा लेप असतो, पाणी आत जात नाही आणि वर चिकट ठिपके राहतात. वह्यांना घालायचा खाकी कागद मात्र जरूर आणा. त्याला रंगाची गरजच नसते. पाण्याचा हात लावून चुरगळायचा, उघडायचा, पुन्हा चुरगळायचा. आठ-दहा वेळा केलं की कातड्यासारखा मऊ होतो. डायरीच्या वेष्टणाला आणि किल्ल्याच्या दरडींना याच्याइतका स्वस्त माल नाही.

मजकूर आधी की नंतर

झेरॉक्स किंवा लेझर प्रिंट असेल तर छापून घ्या आणि मग बुडवा. ती शाई पाण्याला दाद देत नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरवरचा मजकूर मात्र बहुधा पसरतो. एका वर्षी मी भोंडल्याची वीस आमंत्रणं इंकजेटवर काढली आणि थेट परातीत सोडली. दोन मिनिटांत "ऐलमा पैलमा"ची निळी-जांभळी रांगोळी झाली. आता आधी एक चिठ्ठी बुडवून बघते.

हातानं लिहायचं तर कागद रंगवून, पूर्ण वाळवून मग लिहा. इथं एक अडचण येते. भिजून वाळलेला कागद टिपकागदासारखा वागतो, शाई फुटते. त्यावर उपाय खळीचा. सोलापूरकरांना हे समजवायला नको, मागावर चढण्याआधी सुताला कांजी लावतात तेच इथं करायचं. चमचाभर तांदळाचं पीठ कपभर थंड पाण्यात कालवा, ढवळत मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गाळून घ्या. ताकासारखं पातळ हवं. रुंद ब्रशनं एक हात द्या, वाळवा, दुसऱ्या बाजूनं द्या, परत वाळवा. मग बोरूनं लिहिलं तरी अक्षर ठाम उठतं.

मोडी लिहिणार असाल तर रीतीनं लिहा. आधी सबंध ओळीची रेघ डावीकडून उजवीकडे ओढून घ्यायची, मग अक्षरं तिला लटकवत जायची. सुरुवातीला वर "श्री". एवढ्यानंही पत्राला वळण येतं.

घड्या, घासणं, कडा

हे सगळं कागद कोरडा आणि न रंगवलेला असताना करायचं. कारण साधं आहे : जिथं तंतू तुटतात किंवा सैल होतात तिथं रंग जास्त मुरतो. म्हणून आधी झीज, मग रंग. उलटं केलंत तर घडीवर आतला पांढरा कागद उघडा पडतो आणि सोंग लगेच कळतं.

पत्राच्या घड्या पत्रासारख्या घाला. उभट कागद असेल तर आडव्या तीन घड्या आणि मग मधून एक. प्रत्येक घडी नखानं दाबा, उघडा, उलट बाजूनं मोडा, पुन्हा दाबा. असं पाच-सहा वेळा. मग सुताराकडचा पॉलिश पेपर, १८० किंवा २२० नंबर, चिमटीत धरून घडीच्या कण्यावरून हलके फिरवा. दोन घड्या जिथं भेटतात तिथं जरा जास्त. बोटाला लव लागली की थांबायचं.

पूर्ण कागदाचा बोळा करून उघडायची पद्धत आहे, मला ती फारशी पटत नाही. बोळा झालेला कागद आपण टाकून देतो. जपलेला कागद घडी घालून जपलेला असतो. खाकी कागदाची गोष्ट निराळी.

कडांसाठी कात्री नको. स्टीलची पट्टी ठेवा, तिच्या काठानं ओल्या ब्रशची रेघ ओढा, अर्धा मिनिट थांबा आणि कागद स्वतःकडे खेचत फाडा. कड मऊ, लवदार येते. चारही बाजू अशा केल्या तर कागद नटवल्यासारखा दिसतो. दोन पुरेत. कोपरे अंगठ्यानं चुरून एखादा किंचित गोल करा.

रंगाचं पाणी

चहा. अर्धा लिटर पाण्यात चहापूडचे चार शिगोशीग चमचे, दहा मिनिटं उकळी, गाळून कोमट होऊ द्यायचं. दूध नाही, साखर नाही. हे मोठ्या अक्षरात लिहावंसं वाटतं, कारण पहिल्या वर्षी काटकसर म्हणून मी चहाच्या गाड्यावरून उकळून टाकलेला चोथा पिशवीभर मागून आणला. त्यात दूधही होतं आणि साखरही. रंग सुरेख आला. तिसऱ्या दिवशी कागदांना आंबूस वास सुटला आणि कपाटाच्या पायापासून वरच्या फळीपर्यंत लाल मुंग्यांची सरळ रांग लागली. चाळीस कागद टाकावे लागले आणि घरच्यांची बोलणी वेगळी.

पाण्याचाही फरक पडतो. बोअरच्या जड पाण्यात चहा काळपट होतो आणि वर साय धरल्यासारखा तवंग येतो, तो कागदावर ठिपक्यांनी उतरतो. नळाचं पाणी वापरलं तर रंग तांबूस आणि स्वच्छ येतो. आता आपल्याकडं नळाच्या पाण्याची ओढ, तेव्हा या कामाला बादलीभर पाणी मागणं घरात शोभत नाही. अर्ध्या लिटरात पंधरा-वीस कागद निघतात. शेवटचे फिके येतात, ते मोडी पत्रांना ठेवायचे. उरलेला चहा कुंडीत.

कॉफी. चहापेक्षा करडी आणि गडद. सगळा कागद तिच्यात बुडवण्यापेक्षा कडांना वापरा. अर्धी वाटी गरम पाण्यात इन्स्टंट कॉफीचे दोन चमचे. वास मात्र बरेच दिवस राहतो.

डाळिंबाची साल. ही आपली. जिल्हाभर डाळिंबाच्या बागा, सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालेलं, आणि साली आपण घंटागाडीत टाकतो. साली तुकडे करून उन्हात कडकडीत वाळवा. १०० ग्रॅम साल एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला, सकाळी त्याच पाण्यात अर्धा-पाऊण तास मंद उकळा, जुन्या सुती कपड्यातून गाळा. रंग पिवळसर, थोडी हिरवी झाक असलेला. चहात हा पिवळेपणा नाही. जुन्या हातकागदाच्या बदामी रंगाजवळ जायचं तर मी सालीचं पाणी दोन भाग आणि चहा एक भाग असं मिसळते. माझ्याकडच्या सगळ्या मिश्रणांत हेच सगळ्यात कामाचं.

गंजाचं पाणी. चहात, डाळिंबाच्या सालीत आणि हिरड्यात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. त्याला लोखंड भेटलं की काळा रंग होतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) एकत्र करून काळी शाई व्हायची ती याच गुणावर. घरी करायचं तर काचेच्या बाटलीत मूठभर गंजके खिळे, वर अर्धी वाटी व्हिनेगर, आणि आठवडाभर थांबायचं. झाकण घट्ट लावू नका, आत हायड्रोजन वायू तयार होतो, त्याला वाट हवी. झाल्यावर गाळून कपभर पाण्यात पाच-सहा थेंब, एवढंच. चहानं रंगवलेल्या कागदावर ब्रश टेकवला की मिनिटभरात राखाडी-काळी सावली उमटते. बघायला मजा येते आणि म्हणून हात आवरत नाही. आवरा. लोखंड आणि आंबट यांनी कागद आतून खाल्ला जातो. मी हौसेनं काळा केलेला एक नकाशा वर्षभरात घडीवर बिस्किटासारखा तुटला.

आणखी एक. हे पाणी शहाबादी फरशीवर सांडू देऊ नका. ती चुनखडीचीच, व्हिनेगरनं तिचा तुळतुळीतपणा जातो आणि वरून काळा डाग बसतो. आमच्या मागच्या अंगणात तळहाताएवढा डाग आहे, आल्या-गेल्याला तो दाखवला जातो.

लोखंड भेटलं की टॅनिन काळं पडतं, म्हणूनच रंगाचं पाणी लोखंडी कढईत उकळायचं नाही. स्टीलचं पातेलं घ्या.

बुडवणं

ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ३६ सेंटिमीटर. तो आडवा मावायला परातीचा तळ निदान पंधरा इंची हवा. लहान परातीत कागद वाकवून कोंबला तर वाकणावर डाग येतात. भाकरीची परात घेणार असाल तर घरात विचारून घ्या.

परातीत कागद जेमतेम बुडेल एवढं पाणी पुरतं. कागदाची एक कड आधी टेकवा आणि बाकीचा सावकाश आडवा सोडा, म्हणजे खाली हवेचे फुगे अडकत नाहीत. वरून हातानं दाबू नका, परात थोडी कलती करून पाणी वरून फिरवा. झेरॉक्सच्या कागदाला तीन ते पाच मिनिटं, ड्रॉइंग शीटला दहा ते पंधरा. एका वेळी एकच कागद. दोन-तीन एकावर एक टाकले तर मधला पट्टेरी निघतो.

ओला कागद वाळल्यावर दिसेल त्याहून बराच गडद दिसतो. "झाला की गडद" म्हणून लवकर काढाल तर वाळल्यावर पिवळट पांढरा निघेल. म्हणून बोटभर पट्ट्या कापून एक, तीन, पाच, दहा मिनिटांच्या करून वाळवा, मागं पेन्सिलनं वेळ लिहा. माझा असा पट्ट्यांचा जुडगा स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला आहे.

काढताना कोपरे धरून उचललात तर ओला कागद स्वतःच्याच वजनानं फाटतो. जुनी एक्स-रे फिल्म असते ना घरात, ती कागदाखाली सरकवा आणि फिल्मसकट उचला. परातीच्या काठावर टेकवून पाणी निथळू द्या. सासऱ्यांच्या गुडघ्याचे दोन एक्स-रे माझ्याकडे या कामाला आहेत.

वाळवणं

निथळलेला कागद जुन्या सुती धोतरावर किंवा साडीच्या तुकड्यावर पालथा घाला आणि फिल्म सोलून काढा. टर्किश टॉवेल इथं घरोघरी, त्यावर घालायचा मोह होतो. त्याचे फासे ओल्या कागदावर उमटतात, वाळल्यावर देवीच्या व्रणांसारखे दिसतात. टॉवेल खाली, वर सुती कापड असं चालेल.

सावलीत वाळवा. भर उन्हात कडा आधी आकसतात आणि कागद पापडासारखा वळतो. आमच्याकडची ऑक्टोबरची कोरडी हवा इतकी चांगली की जिन्यात, पंख्याविनासुद्धा, पातळ कागद तासाभरात वाळतो. गच्चीवर ठेवलेच तर चारी कोपऱ्यांना खडे. एकदा माझी तीन फर्मानं उडून शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यांवर जाऊन पडली होती.

जरा दमट असतानाच दोन सुती कापडांमध्ये ठेवून इस्त्री फिरवा, वाफ बंद, ताप मध्यम. कागद सपाट होतो. पूर्ण वाळल्याशिवाय प्लॅस्टिकच्या पिशवीत भरू नका, बुरशी धरते.

इथपर्यंतचा कागद सगळीकडून सारखा रंगलेला आहे. म्हणजे काम निम्मंच झालंय.

वय चढवणं

कडा आधी. वाळलेले दहा-बारा कागद एकावर एक नीट जुळवा. वर-खाली दोन फळ्या किंवा जाड पुठ्ठे ठेवा, कडा जरा बाहेर राहू द्या आणि चिमटे लावून आवळा. आता स्पंजचा तुकडा घट्ट कॉफीत बुडवून पिळा आणि गठ्ठ्याच्या बाहेर आलेल्या कडांवर टिपत जा. एकेका पानावर रंग आपसूक अर्धा-पाऊण सेंटिमीटर आत ओढला जातो आणि विरतो. आजेसासऱ्यांच्या वहीच्या कडेला होता तसाच. वहीचं पान असल्यासारखं दाखवायचं तर चौथी बाजू, शिवणीची, तशीच सोडा.

पाण्याचा डाग. याला रंग लागत नाही. रंगवून वाळलेल्या कागदाचा एक कोपरा साध्या पाण्यानं सढळ भिजवा आणि आडवा ठेवून आपोआप वाळू द्या. पाणी पसरताना आतला रंग ढकलत नेतं आणि जिथं थांबतं तिथं गडद वेडीवाकडी रेघ सोडतं. पावसाळ्यात पत्रे गळणाऱ्या घरातल्या कागदावर असते ती हीच रेघ. एकच करा, जास्तीत जास्त दोन.

टाचणी. गंजकी टाचणी किंवा यू-पिन ओली करून वरच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवा, वर ओला कापूस, त्यावर वाटी. रात्रभरात टाचणीचं चित्र उमटतं. सगळ्या युक्त्यांत मला ही सगळ्यात आवडते. बघणाऱ्याला नेमकं काय खरं वाटलं ते सांगता येत नाही, पण खरं वाटतं.

कसर. कसरीचा किडा कडेनं आणि वरवर कुरतडतो, सुईसारखं गोल भोक पाडत नाही. दाभणानं दोन-तीन भोकं पाडा, मग ओल्या काडीनं त्यांच्या कडा खरवडून वेड्यावाकड्या करा. एकाहून जास्त पानं असतील तर सगळी एकत्र धरून टोचा. कीड एकाच पानापाशी थांबेल असं नाही.

बोटाचा डाग. ही शेवटची आणि सगळ्यात सोपी. जिथून पान उलटतात त्या कोपऱ्यावर तेलाचं नखाएवढं बोट फिरवून लगेच पुसा, मग थोडी पेन्सिलची पूड. स्वयंपाक करता करता होतं.

घोटणं

मोडी पत्रासाठी हे सोडू नका. जुना देशी कागद खळ देऊन गुळगुळीत दगडानं घोटलेला असे, म्हणून त्यावर बोरू अडकत नसे. खळ दिलेला कोरडा कागद काचेवर किंवा गुळगुळीत फळीवर ठेवा आणि मोठी कवडी किंवा स्टीलच्या वाटीचा बूड घेऊन एका दिशेनं घासत जा. जोर मनगटाचा, खांद्याचा नाही. दहा मिनिटांनी कागद तिरपा धरलात तर अंगावर हलकी तुकतुकी दिसेल. चुरचुर आवाज यायचा थांबला की झालं समजायचं.

मेणबत्तीनं कडा जाळण्याबद्दल

करू नका. आगीतून वाचलेली पत्रं किती जणांच्या घरी असतात? शिवाय ते धोक्याचंही आहे, कोरडा चहाचा कागद भुरकन पेटतो. नाटकातल्या प्रसंगात कागद जळलेलाच हवा असेल तर पेटती उदबत्ती घ्या, मेणबत्ती नाही. कुठवर जळायचं तिथं ओल्या ब्रशची रेघ ओढून ठेवा आणि निखारा टेकवत टेकवत कड खा. खाली पाण्याची परात, पंखा बंद, पोरं बाजूला.

आपट्याची पानं

परदेशी चित्रांत पानगळीचे तांबडे मेपल टांगलेले असतात. आपल्याकडं पिंपळाची पानं गळतात ती होळीच्या सुमाराला. आश्विनात आपल्या हातात पान असतं ते दसऱ्याचं. त्या दिवशी सकाळी बाजारात आपट्याच्या नावानं तशाच पानांच्या कांचनाच्या फांद्यासुद्धा ओरबाडून आणलेल्या असतात, त्यामुळे गेली काही वर्षं आमच्याकडं सोनं कागदाचं.

ड्रॉइंग शीटचे तुकडे तीन रंगांत करून ठेवा : चहात, डाळिंबाच्या सालीत आणि हळदीत. हळदीसाठी पाव लिटर गरम पाण्यात चमचाभर हळद पुरते. ती उन्हात लवकर उडते, पण दसऱ्याच्या दिवसापुरती टिकते. हळदीच्या वाळलेल्या कागदावर चुन्याच्या निवळीचे शिंतोडे मारले तर तिथं लाल ठिपके उठतात, कुंकू होतं तसे. लहान मुलांना हे काम द्या, तासभर आवाज येणार नाही.

पान कापायला कागद उभा दुमडा. घडीच्या बाजूनं अर्धं पान काढा, वरचा गोल खांदा घडीपाशी आत वळवा, म्हणजे उघडल्यावर दोन पाकळ्या जोडल्यासारखं पान होतं. कापून झालं की पॉलिश पेपर घडीवरून फिरवा, मग न उमटणाऱ्या जुन्या बॉलपेननं देठापासून पंख्यासारख्या शिरा दाबून काढा. शेवटी शिरांवर पातळ कॉफीचा ब्रश आणि लगेच कापडानं टिपणं. दाबलेल्या रेघेत रंग बसतो, बाकीचा निघून जातो. दोऱ्यात ओवायची तर दोन पानांमध्ये चार बोटं अंतर. जवळ ओवलं तर तोरणाचा झुबका होतो. तोरण दारावर लावा, पणतीपासून आणि समईपासून लांब. आकाशकंदिलाला हा कागद लावणार असाल तर आत एलईडीच हवा, तापणारा दिवा नको.

किल्ल्याचंही सांगते. आमच्या गावचा किल्ला भुईकोट, सिद्धेश्वर तलावाला लागून. पोरं मात्र दर दिवाळीला डोंगरी किल्लाच करतात. गेल्या वर्षी पुतण्यानं पहिल्यांदा भुईकोट केला, परातभर पाण्याचा तलाव केला आणि म्हणाला, "काकू, याला नकाशा पाहिजे की." खाकी कागद आठ वेळा चुरगळून त्यावर तटबंदीचा नकाशा काढून दिला. तलावात भिजला आणि आणखी चांगला दिसायला लागला.

ठेवताना

प्रत्येक कागदाच्या मागं पेन्सिलनं वर्ष आणि "घरी केलेला" असं लिहा. पाहुणे गमतीनं फोटो काढतात, फोटो पुढं जातो आणि कुणीतरी त्याला अस्सल म्हणू लागतं. पेन्सिलची ओळ असली म्हणजे निदान मूळ कागदापाशी तरी वाद मिटतो.

आणि हे कागद खऱ्या जुन्या कागदांजवळ ठेवू नका. चहाचं टॅनिन, कॉफी, गंज हे सगळं शेजारच्या पानात उतरतं, दमट हवेत तर पटकन. माझे कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतात, वर वाळलेला कडुलिंब. डबा माळ्यावर, आणि १९६१ ची वही खाली, तिच्या पेटीत, मलमलीत गुंडाळून.